दुधी पाण्यात बुडवलेले मोती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा मोत्यांना रंग आणि चकाकी देण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते चार ओळींचे होते. त्यात खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेही नव्हते. ते मी या लेखाने रद्द करते.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, खालचा कारखाना, त्याशेजारची भाड्याने दिलेली खोली आणि मागची धुण्याची जागा, हे मला वडिलांकडून मिळाले. दादाला त्यांनी बाजारातले दुकान दिले आणि मला घर दिले. नातेवाईक म्हणाले, उलटे झाले. वडील म्हणाले, "त्याचं पोट जिभेवर चालेल. हिचं हातावर चालणार आहे, आणि हाताला बसायला जागा लागते." हे घर मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका मुलीला देते. आम्ही तिला छकुली म्हणतो. ती अडतीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते आणि तिला स्वतःला चौदा महिन्यांची मुलगी आहे, तरी ती छकुलीच.

कलम दुसरे. मोत्याला भोक पाडायचे यंत्र गल्लीच्या टोकाच्या शिक्के कोरणाऱ्या गृहस्थांना द्यावे. ते चांगले चालते, फक्त डावीकडचा चिमटा थोडा रुसतो. अट एवढीच की सुईवर पाण्याची धार सोडल्याशिवाय आणि तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय त्यांनी ते वापरू नये. मोत्याची धूळ पिठासारखी दिसते, पण ती पीठ नव्हे. वडिलांना पंचवीस वर्षे खोकला होता. आम्ही तो सिगारेटचा समजत होतो आणि ते बिचारे सिगारेट सोडून पुन्हा पुन्हा धरत होते.

कलम तिसरे. कारखान्यातल्या बाटल्या. यात घाई करू नये आणि काहीही मोरीत ओतू नये. पहिल्या फळीवर विरंजनाचे पाणी आहे. त्याने मोती पांढरे होतात आणि बोटेही. दुसऱ्या फळीवर गुलाबी रंग आणि स्पिरिट आहे, त्याजवळ काडी ओढू नये. तपकिरी बाटलीत चांदीचे क्षार आहेत. त्याने मोती काळे करतात. माझ्या नखांच्या कडा ज्याने कायमच्या काळ्या झाल्या, तेच ते. विषारी कचरा नेणाऱ्या सरकारी गाडीला बोलवावे आणि प्रत्येक बाटली काय आहे ते सांगून द्यावी. मी चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या आहेत.

मोत्यांतले न कळणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिते, कारण पुढचे त्याशिवाय समजणार नाही. शिंपल्याच्या पोटात माणसाने काही घालून पिकवलेला मोती खराच असतो, पण तो निघतो तेव्हा क्वचितच देखणा असतो. पिवळट, डागाळलेला, निस्तेज असा माल ढिगाने येतो. तो माझ्याकडे यायचा. आठवडेच्या आठवडे बरण्यांत, दिव्यांखाली, उबेत ठेवून मी त्याला माणसात आणायची. ही काही लबाडी नव्हे, सगळीकडे करतात. गिऱ्हाइकाला सांगितले म्हणजे झाले. दादा सांगत नसे, हा भाग निराळा.

एकदा दादाने मोती किरणांनी काळे करून आणले. वहिनी आठ दिवस त्या डब्याकडे फिरकली नाही. शेजारपाजारचे विचारू लागले, रात्री चकाकतात का. त्या मोत्यांबरोबर तपासणीचा कागद होता, त्यांत किरणोत्सर्ग जराही शिल्लक नव्हता, ते आजही कोणी गळ्यात घालून झोपले तरी चालेल. ज्याला आम्ही सगळे भ्यायलो त्याने कोणाचे काही वाकडे केले नाही.

कलम चौथे. दादाला मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही.

त्याचे कारण लिहिणे मला भाग आहे, आणि त्या कारणात निम्मी मी आहे.

एकवीस वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक व्यापारी दुकानात आला. त्याच्याकडे पत्र्याचा डबा होता, त्यावरची चिठ्ठी खरवडून काढलेली. आत दुधासारखे दाट पाणी होते. त्यात मोती बुडवून वाळवला की त्यावर एक लेप चढे आणि आतून दिवा लावल्यासारखा उजेड येई. पण लेप सगळीकडे सारखा बसत नव्हता, ओघळ येत. दादाने ते काम माझ्याकडे पाठवले. मी अडीच महिने त्याच्या मागे लागले. पाणी किती पातळ करायचे, मोती तारेवर टोचून किती सावकाश फिरवायचा, दोन बुडवण्यांमध्ये किती वाळू द्यायचा, हे सगळे मी बसवले. शेवटी असा मोती निघाला की व्यापारी खिडकीपाशी जाऊन तो फिरवत राहिला. दादा त्याला म्हणाला, "हे आमच्या बहिणीचं डोकं."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. दादाने माझ्याविषयी काढलेले, ज्यात 'पण' नव्हते, असे ते पहिले वाक्य. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. पण मी का गप्प बसले हे छकुलीने कधी विचारलेच, तर पैशासाठी नव्हे, या वाक्यासाठी, हे तिला कळावे.

वहिनी मोती ओवायची. माळ ओवणारी बाई रेशमी दोऱ्याचे टोक ओठांत ओले करते आणि शंका आली की मोती दातावर घासते. खऱ्या मोत्याची दाताला बारीक वाळूसारखी खरखर लागते. माझा लेप नीट बसला असेल तर मोती गुळगुळीत लागे. कुठे लेप विरळ राहिला तर तिथे खरखर. डोळ्यांना न दिसणारे हे व्यंग वहिनीला दातावर बरोबर कळे. मीच तिला म्हटले, "वहिनी, तुमच्या दातांसारखं यंत्र नाही. निवडून द्याल का?" ती खूश झाली. रोज दीड-दोनशे मोती ती पुढच्या दातावर घासायची, डावीकडे चांगले, उजवीकडे परत बुडवायचे.

चौथ्या महिन्यात तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. चेहरा राखेसारखा झाला. त्याच सुमारास मी बुडवायची परात धूत होते, तर तळाशी पांढरा साका बसला होता आणि तो आकाराच्या मानाने फार जड होता. मी एका बाटलीत थोडे पाणी घेऊन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्या आमच्याकडून कधीमधी कानातले नेत. त्यांनी ते आम्लात विरघळवले, वरून दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब टाकले आणि नळीत लख्ख पिवळा रंग उतरला.

"शिसं आहे," बाई म्हणाल्या. "थोडंथोडकं नाही. हे कुणाच्या पोटात जात नाही ना?"

"नाही," मी म्हटले.

संध्याकाळी मी दादाला दुकानात गाठले. शटर अर्धे ओढून त्याने ऐकून घेतले.

"सहा आठवड्यांचं काम राहिलंय," तो म्हणाला. "शब्द दिलाय मी. तेवढं होऊ दे, मग तो डबा तू स्वतः नेऊन टाक."

"आणि वहिनी?"

"तिचं पोट लग्नाच्या आधीपासून तसंच आहे. आणि हे बघ, ही पद्धत तुझी आहे. बोंब झाली तर नाव कोणाचं येईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रबरी हातमोजे विकत आणले. एक जोड.

वहिनी दोऱ्याला गाठ मारता मारता बघत होती. "वन्सं, आज हातमोजे?"

"डाग पडतात हो हाताला."

"मग मलाही आणायचा एक जोड."

"हातमोजे घालून गाठी कशा माराल?"

"तेही खरंच," ती हसली आणि पुढचा मोती तिने दाताला लावला.

निदान दाताला लावू नका, एवढे तरी मी म्हणू शकले असते. पण तिने 'का' विचारले असते आणि माझ्याकडे त्याचे खोटे उत्तर तयार नव्हते. तयार असते तर कदाचित ती वाचली असती. असल्या विचारांनी माणूस वेडा होत नाही, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे.

सहा आठवड्यांचे पाच महिने झाले. एका दुपारी वहिनीने सुई उचलली आणि तिचा उजवा हात मनगटातून खाली लोंबला. तिने डाव्या हाताने तो वर धरला, सोडला, तो पुन्हा पडला. "वन्सं, हा ऐकतच नाही हो माझं," ती म्हणाली, एखाद्या मुलाची तक्रार करावी तशी.

डॉक्टरांनी मान तपासली, मणके तपासले. मी सोबत होते. त्यांनी विचारले, "कामात काही केमिकलशी संबंध येतो का?"

"छे, मी नुसती ओवते," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "हो ना, वन्सं?"

"हो," मी म्हटले.

शिसे अंगातून काढायला औषध असते. त्या दिवशी ते दिले असते तर हात परत आला असता की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण विचारायची वेळ मी येऊच दिली नाही. पुढे तिची मूत्रपिंडे गेली. तिसऱ्या वर्षी ती वारली. छकुली वीस वर्षांची होती. दादा सगळ्यांना सांगत होता, आधीपासूनच नाजूक होती. दुधी पाण्याचे काम व्यापाऱ्याने आपणहून बंद केले. त्याला दुसरीकडे कोणी भेटले असेल. मला कोणी थांबवले नाही आणि मी थांबले नाही.

कलम पाचवे. बँकेतल्या माझ्या ठेवीतून वर्तमानपत्रात पुढील जाहिरात द्यावी. शब्द बदलू नयेत: "सुमारे वीस वर्षांपूर्वी घेतलेली, फार चमकदार दुधी मोत्यांची, चांदीच्या फाशावर मासा कोरलेली माळ आपल्याकडे असल्यास ती वापरू नये, मुलांच्या हाती देऊ नये, दातावर घासून पाहू नये. लेपात शिसे आहे. माळ खालील पत्त्यावर द्यावी. माळ ओवणाऱ्या कोणालाही रक्ततपासणी करून घ्यायची असल्यास खर्च दिला जाईल." उरलेली ठेव त्या तपासण्यांसाठी आहे. कारखान्यातल्या लाकडी पेटीत त्या कामातले उरलेले मोती आहेत. ते सुंदर आहेत. सुंदर आहेत म्हणून कोणी ठेवून घेऊ नयेत. बाटल्यांबरोबर त्याच गाडीत द्यावेत.

कलम सहावे. छकुलीच्या गळ्यातली माळ.

हात जाण्याच्या आदल्या आठवड्यात वहिनीने शेवटची माळ ओवली, ती मुलीच्या लग्नासाठी. मी समोर बसले होते. छकुलीने लग्नात घातली ती अजून काढलेली नाही. आईच्या हातची शेवटची वस्तू म्हणून ती अंघोळीतही गळ्यात असते. गेल्या महिन्यात ती मुलीला घेऊन आली होती. पोरीला दाढा येताहेत. ती मांडीवर बसून माळ तोंडात घालून चघळत होती. भोकांभोवतीचा लेप पापुद्र्यांसारखा सुटलेला मला इथून दिसत होता.

"काढ गं ते तिच्या तोंडातून," मी म्हटले.

"असू दे आत्या, आजीचेच तर मोती आहेत," छकुली म्हणाली.

 ती गेल्यावर मी कागद विकत आणला आणि हे मृत्युपत्र लिहायला बसले. माझ्या मृत्यूनंतर हे वाचताच छकुलीने ती माळ काढावी आणि मुलीचे रक्त तपासून घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

इथपर्यंत लिहून मी खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या टेलरबाईंना साक्षीसाठी वर बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नसते, हे मी त्यांना सांगितले. "न वाचता मी कापडाला कात्रीसुद्धा लावत नाही," म्हणाल्या, आणि चष्मा लावून बसल्या. सगळे वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

"हे छकुलीला कधी कळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही कधी जाणार?"

"डॉक्टर म्हणतात, वर्ष. फार तर दोन."

"म्हणजे पोर वर्षभर चघळणार," टेलरबाई म्हणाल्या. "फार तर दोन."

त्यांनी सही केली नाही. माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

छकुली शाळा सुटल्यावर आली. मुलीला तिने घरी ठेवले होते. मी बोलून सांगायचे ठरवले होते, पण शेवटी चौथे आणि सहावे कलम वाचून दाखवले. ती उभ्यानेच ऐकत होती. टेलरबाई दारात थांबल्या होत्या.

"आईला माहीत होतं?" छकुलीने विचारले.

"नाही."

"बाबांना?"

"होतं."

"आणि तू एकच जोड आणलास."

"हो."

तिने मानेमागे हात नेले. फासा निघेना.  मी उठले, तर ती म्हणाली, "हात लावू नकोस." मग तिने माळ पुढून धरून जोराने ओढली. दोरा तुटला, पण खाली एकही मोती पडला नाही. वहिनी प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायची. छकुलीने ती माळ रुमालात गुंडाळली.

"हे घर मला नकोय, आत्या. या कारखान्याच्या वर मी माझ्या मुलीला झोपवू?"

ती जिन्यावरून खाली गेली. मी खिडकीतून पाहिले नाही.

दादाचा फोन दोन दिवसांनी आला. "म्हातारपणी हे काय काढलंस?" त्याने विचारले. छकुलीने त्याच्याशी बोलणे बंद केले आहे, असे तो म्हणाला. माझे चौथे कलम तसेच राहील.

अकराव्या दिवशी छकुलीने टेलरबाईंकडे निरोप दिला. मुलीच्या रक्तात शिसे आहे, पण डॉक्टर म्हणतात वेळेवर कळले. माळ गेली की हळूहळू उतरेल, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. निरोपाचा दुसरा भाग सांगताना टेलरबाई माझ्याऐवजी भिंतीकडे बघत होत्या. "म्हणाली, आत्याने भेटायला येऊ नये."

म्हणून सहावे कलम आता निरर्थक झाले आहे. ते मी खोडत नाही, नुसते तसे नोंदवते. कलम पहिल्याबाबतचा खुलासा कलम आठव्यात करते.

कलम सातवे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी टेलरबाईंवर सोपवते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळल्यामुळे माझा भिंगाचा दिवा मी त्यांना आजच हातात दिला आहे. त्यांनी तो आढेवेढे घेत घेतला.

कलम आठवे. घर छकुलीला नको आहे, हे तिने मला तोंडावर सांगितले आहे. वकिलांनी सुचवले की मग दुसरे नाव घाला. मी घातलेले नाही. घर तिच्याच नावे राहील. तिने ते घ्यावे, विकावे, पाडावे किंवा दोन ओळी लिहून नाकारावे. नाकारले तर ते कामामुळे आजारी पडलेल्या कारागिरांच्या उपचारासाठी सरकारी दवाखान्याला जाईल. पण नाकारायचे ते तिने. तिच्यासाठी काय बरे हे मी परस्पर ठरवून मोकळी झाले, असे आता होणार नाही. तिच्या आईला खरे ठाऊक असते तर तिने एकही मोती उचलला नसता. ती 'नको' म्हणाली असती, आणि ते म्हणायचा तिचा हक्क मी खाऊन बसले. छकुलीने 'नको' म्हटले आहे. ते मी ऐकले, आणि इथे जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी आद्याक्षरे आहेत. माझ्यासमोर साक्षीदारांनी आणि त्यांच्यासमोर मी सही केली.

ठिकाण: माझे राहते घर, वरची पुढची खोली
दिनांक: एकोणीस फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा

(सही) लिहून ठेवणारी, मोती रंगवणारी

साक्षीदार
१. (सही) खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई. संपूर्ण वाचून सही केली.
२. (सही) डॉक्टर. लिहून ठेवणारी शुद्धीवर असल्याचे मी तपासले. तिला रडू येत होते, परंतु त्याने बुद्धीला बाधा येत नाही.